प्रसंग सांग, अर्थ सांगू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू पाठविलेली चारही गाणी मी गेल्या आठवड्यात पुन्हापुन्हा ऐकली आणि त्यानंतर तुझे पत्र आणखी एकदा वाचले. तू लिहितेस की, तुझ्या मनात ज्या गोष्टीमुळे चाल सुरू होते ती गोष्ट तुझ्या मैत्रिणीपर्यंत पोहोचतच नाही. ती शब्द लिहिते तेव्हा गाणे भलत्याच कशाविषयी होऊन बसते, आणि म्हणून दोघींनी मिळून गाणी करणे थांबवावे की काय, असा प्रश्न तुला पडला आहे. माझे उत्तर आधीच सांगतो: थांबवू नका. अडचण तुम्हा दोघींच्या स्वभावांत नाही. तू तिच्या हाती जे देतेस त्यात आहे.

मी आणि माझा मित्र अकरा वर्षे एकत्र गाणी करत होतो. चाल आणि गिटार माझी, शब्द त्याचे. माझा मोठा भाऊ नोकरीसाठी दूर गेला त्या दिवसांत मला एक चाल सुचली. ती मित्राला ऐकवून मी म्हणालो, ‘हे एकटेपणाचे गाणे आहे, तसे काहीतरी लिही.’ त्याने मन लावून लिहिले. त्यात अंधार होता, रिकामी वाट होती, विझलेला दिवा होता, आणि ते गाणे आम्हा दोघांनाही आवडले नाही. बऱ्याच महिन्यांनी बोलता बोलता मी त्याला सांगितले की, भाऊ जाताना वर्तमानपत्रातले शब्दकोडे अर्धे सोडवून टेबलावर ठेवून गेला, आणि वडिलांना उरलेले शब्द येत असूनही त्यांनी ते कोडे कित्येक दिवस तसेच राहू दिले. मित्र थोडा वेळ गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने जे कडवे आणले त्यात भाऊ नव्हता, कोडेही नव्हते. पण प्रत्येक ओळीत एका शब्दाची जागा त्याने मुद्दाम मोकळी सोडली होती. तिथे गाणारा थांबायचा आणि तेवढ्या मात्रांत मी गिटारची एकच तार छेडायचो. माझ्या मूळ चालीत ते विराम नव्हते. ते त्याने मला दिले, आणि आज ती चाल आठवली की मला आधी ते विराम आठवतात.

पहिल्यांदा मी मित्राला प्रसंगाचा अर्थ सांगितला होता, प्रसंग नव्हे. ‘एकटेपणा’ हा शब्द मिळालेल्या माणसाला त्याच्यात भर घालायला काही उरत नाही, म्हणून तो इतरांच्या गाण्यांतून ऐकलेल्या प्रतिमा गोळा करतो. टेबलावरचे अर्धे कोडे मिळाले तर तो त्याच्याभोवती फिरू शकतो, त्यातले तुला न दिसलेले काही पाहू शकतो. तुझ्या तिसऱ्या गाण्यात हे नेमके ऐकू येते. पहिल्या कडव्यात वाकलेल्या पात्याचा पंखा आहे, तो दर फेऱ्याला एकदा खटकतो, आणि तुझा उजवा हातही त्याच ठेक्याने चालतो. ते कडवे तुम्ही दोघींनी एकाच खोलीत बसून केले असणार. दुसऱ्या कडव्यात मात्र स्वप्ने, आकाश आणि क्षितिज एकाच ओळीत येतात. तिथे तू तिला काय सांगितले होतेस, ते आठवून पाहा.

दोघींची प्रेरणा एकच असली पाहिजे, हा आग्रहही तू सोडावास. ‘बीटल्स’ या इंग्लिश वाद्यवृंदातले जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांच्या 1967 मधल्या ‘अ डे इन द लाइफ’ या गाण्याची सुरुवातीची कडवी लेननने वर्तमानपत्रातल्या बातम्यांवरून रचली, आणि मधला भाग हा मॅकार्टनीजवळ असलेला, सकाळी उठून घाईने बस पकडण्याविषयीचा वेगळाच तुकडा होता. त्यांनी दोन्ही तुकडे एका अर्थाला जुळवून घेण्याचा खटाटोप केला नाही. वाद्यवृंदाचा एक चढत जाणारा कल्लोळ मध्ये ठेवला आणि दोन जगे शेजारीशेजारी राहू दिली. तुझा पंखा आणि तिची एखादी अगदी निराळी आठवण एका गाण्यात नांदू शकतात. त्यांना जोडणारी, ठेक्याची चार आवर्तने मात्र तुला गिटारवर शोधावी लागतील.

प्रेरणा संपली, असेही तुझ्या पत्रात एका ठिकाणी आले आहे. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण 1955 मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले आणि वर्षभर आठवड्यागणिक नवे गीत येत 56 गीतांपर्यंत पोहोचले. कथा सर्वांना ठाऊक असलेली, आणि पुढच्या आठवड्याचा वार ठरलेला. तरीही गीते एकसारखी झाली नाहीत, याचे एक मोठे कारण मला असे वाटते की, ती वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडी आहेत; प्रत्येक वेळी प्रश्न ‘आता काय घडते’ एवढाच नसून ‘हे आता कोण बोलते आहे’ हाही असतो. तुमची चारही गाणी ‘मी’ने सुरू होतात. पंख्याच्या खोलीत आणखी कोण होते? त्या माणसाच्या तोंडी एक गाणे देऊन पाहा. आणि आठवड्यातला एक वार ठरवून, काही सुचलेले असो वा नसो, त्या दिवशी दोघींनी समोरासमोर बसा.

शब्द आधी की चाल आधी, यावर फार वाद घालू नका. इंग्लिश गायक-संगीतकार एल्टन जॉन आणि त्याचा गीतकार बर्नी टॉपिन हे 1967 मध्ये एकाच जाहिरातीला उत्तर दिल्यामुळे एकत्र आले, आणि त्यांच्यात शब्द आधी लिहून होत व चाल नंतर, तीही बहुधा दोघे एका खोलीत नसताना. तुमच्याकडे चाल आधी येते, म्हणून एक गोष्ट सांभाळा: जिथे सूर लांबवायचा असेल तिथे मैत्रिणीला ‘आ’, ‘ए’ किंवा ‘ओ’ने संपणारा शब्द ठेवायला सांग. ‘घर’ हा शब्द लांबवला की गाणाऱ्याला ‘र’वर अडून राहावे लागते किंवा नसलेला स्वर जोडावा लागतो, ‘वारा’ हवा तितका लांबतो. दुसऱ्या गाण्याचे ध्रुवपद दर वेळी शेवटी गुदमरते ते एवढ्यासाठीच.

एका धोक्याविषयी मात्र मला गंभीरपणे लिहायचे आहे. अनायास आलेली चाल नेहमी आपलीच असते असे नाही. ‘यस्टरडे’ या गाण्याची चाल मॅकार्टनीला झोपेतून उठताना सुचली, तेव्हा ती दुसऱ्या कोणाची तर नाही ना, हे तो कित्येक दिवस ओळखीच्यांना विचारत राहिला, दरम्यान चाल हातून निसटू नये म्हणून त्याने तिच्यावर परतलेल्या अंड्यांविषयीचे तात्पुरते शब्द बसवले होते. बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनच्या 1970 मधल्या ‘माय स्वीट लॉर्ड’ या गाण्याबाबत पुढे खटला झाला आणि 1976 मध्ये न्यायालयाने असा निर्णय दिला की, जुन्या एका गाण्याची चाल त्याच्याकडून नकळत उचलली गेली होती. हॅरिसनने जाणूनबुजून चोरी केली, असे न्यायालयाचे म्हणणे नव्हते, आणि मला हीच गोष्ट अधिक अस्वस्थ करते. जोडीचा इथे मोठा उपयोग आहे: जे तुझ्या कानाला नवे वाटते ते तिच्या कानाला ओळखीचे वाटू शकते. तिने ‘हे कुठेतरी ऐकले आहे’ असे म्हटले तर रागावू नकोस. दोन दिवस शोध घ्या.

ज्या जिवंत माणसावरून गाणे आले त्याला ते लोकांसमोर गाण्याआधी ऐकवावे, असे माझे मत आहे. मी भावाला ऐकवले होते. तो काही बोलला नाही, फक्त पुन्हा वाजवायला सांगितले. श्रोत्यांनी मात्र ‘हे कोणावर आहे’ असे विचारले तर सगळे उलगडून सांगण्याची गरज नाही.

आता गिटारविषयी. तुम्ही दोघी वाजवता आणि दोघीही एकाच जागी तेच कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांचा तोच गट, धरता, त्यामुळे दोन वाद्ये असूनही ऐकताना एकच भासते. तू जी, सी आणि डी हे कॉर्ड नेहमीच्या जागी, उघड्या तारांसह वाजव. तिला पाचव्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या पाचव्या घरात, कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून डी, जी आणि ए या आकारांत वाजवायला सांग. कॅपो दर फ्रेटला अर्धा स्वर चढवतो, त्यामुळे तिच्या बोटांखालचे डी-जी-ए कानाला जी-सी-डी असेच ऐकू येतील, पण वरच्या जागेतून, आणि दोघींमध्ये आवाजाला हवा मिळेल. तिसऱ्या गाण्याला पंख्याचा खटका तुझ्या जाड तारेवरच राहू दे. तिने तो वाजवू नये.

हिश्श्यांचे थोडक्यात सांगतो. गाणे पूर्ण झाले त्याच दिवशी, शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि वाटा किती, हे कागदावर लिहून दोघींनी सह्या करा. आम्ही ते केले नाही, आणि आमच्या शेवटच्या दोन वर्षांतले बरेचसे बोलणे त्यावरच खर्च झाले. लेनन आणि मॅकार्टनी यांनी कोवळ्या वयातच दोघांची नावे जोडीने लावायचे ठरवले होते. तुम्ही तसे करा किंवा आणखी कसे, पण ठरवा.

तिसऱ्या गाण्याचे दुसरे कडवे पुन्हा लिहून झाले की मला पाठव. लिहायला बसण्याआधी तिला त्या खोलीविषयी सगळे सांग: पंख्याखाली काय ठेवले होते, खिडकी कोणत्या बाजूला होती, तू तिथे कोणाची वाट पाहत होतीस. ते गाणे कशाविषयी आहे, हे मात्र या वेळी तिला सांगू नकोस.

तुझा,
एक जुना गिटारवादक