अरबांनी ग्रीकांचं ज्ञान फक्त सांभाळून ठेवलं, की युरोपच्या तत्त्वज्ञानात आणि ज्योतिषात स्वतःचंही काही घातलं?

घातलं, आणि भरपूर घातलं. बँकेच्या लॉकरची गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलेली असते: ग्रीकांनी दागिने घडवले, अरबांनी सांभाळले, युरोपनं येऊन सोडवून नेले. पण लॉकरमधून काढलेल्या दागिन्यांवर कुणी बंदी घालत नाही. पॅरिसच्या बिशपनं 1277 साली 219 मतांवर बंदी घातली, आणि त्यांतली बरीचशी अरबी ग्रंथ वाचून डोक्यात आलेली होती. एक मत तर थेट आकाशाचं: 36,000 वर्षांनी सगळे ग्रहतारे मूळ जागी आले की पृथ्वीवर पुन्हा तेच सगळं घडणार.

माझा फलज्योतिषावर काडीचा विश्वास नाही. वडील हौसेनं पत्रिका बघायचे, ते शब्द कानावर पडलेले, म्हणून या विषयाचा नाद लागला. आणि वाचताना कळलं ते असं की तत्त्वज्ञान आणि ज्योतिष ही तेव्हा दोन वेगळी खाती नव्हतीच.

अबू माशरचंच बघा. मूळचा बल्खचा, बगदादला नावारूपाला आला, 886 साली वारला. लॅटिनमध्ये तो झाला अल्बुमासार. त्याच्या ज्योतिषप्रवेशाच्या मोठ्या ग्रंथाची लॅटिन भाषांतरं 1133 आणि 1140 ची. हा गृहस्थ कुंडली मांडून सुरुवात करत नाही. आधी तो वाद घालतो: पृथ्वीवरचं सगळं चार तत्त्वांचं (पृथ्वी, आप, तेज, वायू), ती तत्त्वं सतत बदलतात, बदलाला कारण लागतं, आणि ते कारण म्हणजे आकाशाची गती. हे भौतिकशास्त्र ॲरिस्टॉटलचं! म्हणजे प्रवासाचा मुहूर्त शोधायला पुस्तक उघडलेल्या माणसाच्या पदरात ॲरिस्टॉटल फुकट पडत होता. लॅटिन जगाला ॲरिस्टॉटलचा निसर्गविचार आधी इथूनच कळला, असं रिचर्ड लेमे या अभ्यासकानं 1962 साली मांडलं. मी ते सोळा आणे मानत नाही, बारा आणे मानतो, कारण त्याच सुमारास व्हेनिसचा जेम्स थेट ग्रीकमधून भाषांतरं करत होता.

गुरू-शनी युती तर तुम्हाला माहीत असेलच, डिसेंबर 2020 मध्ये आपण सगळे गच्चीवर जाऊन मान वर करून बसलो होतो. ती साधारण 20 वर्षांनी होते. सुमारे 240 वर्षं युत्या एकाच तत्त्वाच्या राशींत होत राहतात, मग दुसऱ्या तत्त्वात सरकतात, आणि 960 वर्षांत फेरा पुरा होतो. राज्यं आणि धर्म या फेऱ्यानुसार उगवतात-मावळतात, हा हिशेब ग्रीकांचा मोठा ज्योतिषी टॉलेमी याचा नाही. तो इराणच्या सासानी (इस्लामपूर्व राजघराण्याच्या काळातल्या) ज्योतिषातून बगदादला आला आणि तिथून युरोपला गेला. 1348 साली प्लेगचं कारण विचारलं गेलं तेव्हा पॅरिसच्या वैद्यांनी उत्तर दिलं: मार्च 1345 मध्ये शनी, गुरू आणि मंगळ कुंभेत एकत्र आले होते!

भाषांतराचं काम कसं चालायचं याचं एक चित्र मला फार आवडतं. जागा स्पेनमधलं टोलेडो, बारावं शतक. एक ज्यू विद्वान इब्न सिना या वैद्य-तत्त्वज्ञाचा आत्म्यावरचा अरबी ग्रंथ वाचतो आणि एकेक शब्द तिथल्या बोलीत सांगतो. समोर बसलेला गुंडिसाल्विनुस हा ख्रिस्ती धर्माधिकारी ते ऐकून लॅटिनमध्ये उतरवतो. प्रस्तावनेत हे लिहूनच ठेवलंय. त्याच इब्न सिनाकडून युरोपनं एक भेद शिकून घेतला: घोड्याचं घोडेपण म्हणजे काय हा एक प्रश्न, आणि घोडा आहे की नाही हा अगदी वेगळा. थॉमस ॲक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाची उमेदीतली मांडणी यावर उभी आहे. ॲरिस्टॉटलवर भाष्यं लिहिणाऱ्या इब्न रुश्दला तर नावाचीही गरज नव्हती. नुसतं 'भाष्यकार' म्हटलं की तोच. सगळ्या माणसांची बुद्धी मिळून एकच, हे त्याचं मत ॲक्वायनसला इतकं टोचलं की 1270 मध्ये त्यानं त्याविरुद्ध स्वतंत्र पुस्तिका लिहिली.

आता आपल्याकडचा धागा. बृहज्जातकात वराहमिहिरानं मेषेच्या पहिल्या द्रेष्काणाचं (म्हणजे राशीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्याचं) रूप दिलंय: काळा पुरुष, कमरेला पांढरं वस्त्र, लाल डोळे, उगारलेला परशू. अबू माशरनं भारतीयांचं मत म्हणून हे आपल्या ग्रंथात घेतलं. पुढे इटलीत फेरारा गावी, स्किफानोया नावाच्या वाड्यात, 1470 च्या सुमारास भिंतीवर बारा महिने रंगवले. त्यात मार्च महिन्यात तोच काळा माणूस उभा आहे, फाटक्या पांढऱ्या कपड्यांत, कमरेला दोरी बांधून. हा कोण, हे कोडं 1912 साली आबी वारबुर्ग या कलेतिहासकारानं उलगडलं. परशू मात्र वाटेतच कुठेतरी गळाला. अबू माशरच्या वर्णनातच तो नाही.

वाहतूक एकेरीही नव्हती. घरात कुणाचं जुनं वर्षफल (एका वर्षाच्या भविष्याची पत्रिका) असेल तर काढून बघा. त्यात 'पुण्यसहम' असेल. सहम हा अरबी शब्द, अर्थ बाण किंवा वाटा. लॅटिनवाल्यांनी त्यातला 'वाटा' घेतला आणि त्याच गोष्टीला पार्स फॉर्च्युने म्हटलं. आपल्या ताजिकवाल्यांनी, म्हणजे अरबी-फारसीतून आलेली वर्षफलाची पद्धत वापरणाऱ्यांनी, शब्द तसाच ठेवला. वडिलांना तो शेवटपर्यंत संस्कृतच वाटत होता.