आधी टपालपेटीवर स्वतःचं नाव लावा

प्रश्न: ताई नमस्कार, मी ठाण्याची, जर्मन शिकवते. एका युथ एक्सचेंजमधून आपल्याकडची अकरा मुलं, सगळी सोळा-सतराची, शाळेचं एक वर्ष करायला स्टुटगार्टला आलीयेत, प्रत्येक जण वेगळ्या होस्ट फॅमिलीकडे आहे आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला संस्थेने मला पाठवलंय. पण मीसुद्धा पहिल्यांदाच भारताबाहेर राहतेय. पाच आठवडे झाले, खोली मिळालीये पण अजून बॅगेतूनच कपडे काढते, बँकेचं कार्ड आलेलं नाही, रात्री अकरापर्यंत मुलांचे फोन आणि पहाटे साडेतीनला आयांचा ग्रुप सुरू. एक मुलगी शाकाहारी आहे, रात्री नुसता गार ब्रेड आणि चीज देतात म्हणून रडते, तिची आई म्हणते पोर उपाशी आहे, घर बदलून द्या. आणि एका मुलाने होस्ट वडिलांबरोबर जेवताना बिअर घेतली, त्याने स्वतःच मला सांगितलं, आता त्याच्या घरी सांगू की नको? मलाच हे शहर कळत नाहीये तर मी मुलांना काय सांभाळणार, परत यावं असं रोज वाटतं.
– एक वाचक, सध्या मुक्काम स्टुटगार्ट

उत्तर: परत येऊ नका. मी याच शहरात हेच काम केलंय, तेव्हा नऊ मुलं होती, आणि पहिले दोन महिने मी पण तुमच्यासारखीच बॅगेतून कपडे काढत होते, म्हणून अगदी मनापासून सांगते, सध्या तुमचं सगळ्यात मोठं काम मुलं नाहीत, तुमची खोली आहे. स्वार्थी वाटेल ऐकायला पण तसं नाहीये. ज्या मोठ्या माणसाचा स्वतःचा पाय टेकलेला नाही त्याच्या आवाजातली धाकधूक मुलांना फोनवर लगेच कळते.

कार्डाचं आधी बघू. तुमच्या टपालपेटीवर तुमचं नाव आहे का? आत्ता खाली जाऊन बघा. जर्मनीत पत्त्यात फ्लॅट नंबर सहसा नसतोच, पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो आणि नाव नसेल तर पत्र परत जातं. माझं टॅक्स नंबरचं पत्र असंच परत गेलं होतं आणि मी रोज पेटी उघडून बघत होते, आत काहीच नाही. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजी मला दंडाला धरून पेटीपाशी घेऊन गेल्या, जुन्या भाडेकरूचं नाव नखाने खरवडून काढलं, घरातून पांढरी पट्टी आणि जाड पेन आणलं आणि माझ्याकडून आडनाव लिहून घेतलं, तेही दोनदा, कारण पहिल्यांदा मी बारीक अक्षरात लिहिलं होतं. बेलवर पण लावायला लावलं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मी इथे राहते.

आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, झालीये ना? राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरब्युरोत, म्हणजे महापालिकेच्या नागरिक कार्यालयात, करायची असते आणि त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, नुसता भाडेकरार चालत नाही. उशीर झाला असेल तर लपवू नका, अपॉइंटमेंट घ्या आणि जा. अकराही मुलांची झालीये का ते होस्ट फॅमिलीला एकेक करून विचारा, वर्षभर राहणार म्हणजे त्यांनाही ती लागते. त्यांचे व्हिसा कधी संपतात त्या तारखा एका वहीत लिहा, तिथे राहण्याच्या परमिटचा अर्ज त्याच्या आतच जायला हवा. यात ढिलाई अजिबात नको.

आता ब्रेडचं. हे मुलीच्या आईला तुम्ही स्वतः फोन करून सांगा, ग्रुपवर नको. जर्मन घरात बऱ्याच ठिकाणी गरम जेवण दुपारी होतं आणि रात्री आबेन्डब्रोट, म्हणजे ब्रेड, चीज, काकडी, टोमॅटो, लोणी असं टेबलावर मांडतात आणि सगळे एकत्र बसून खातात. मुलीला कुणी उपाशी ठेवत नाहीये, ते लोक स्वतः जे जेवतात तेच तिला देतायत. पण आपल्याकडे रात्री गार जेवण म्हणजे कोणीतरी आजारी आहे किंवा घरात भांडण झालंय, मग पोरीला रडू येणारच ना. तिला सांगा की आठवड्यातून एक दिवस मी वरणभात करते असं होस्ट आईला विचार, बहुतेक वेळा त्यांना आनंदच होतो. तिथे श्वेबिश, म्हणजे त्या भागातल्या मूळच्या लोकांच्या, घरांत लिन्सन मिट श्पेट्स्ले करतात, मसुराची घट्ट उसळ आणि बरोबर अंड्याच्या पिठाच्या जाडसर शेवया, वर सॉसेज असतं ते काढून द्यायला सांगायचं, पण मसूर शिजवताना बेकन घातलंय का तेही विचारायला हवं, आणि अंडं चालतं का ते तिने आधीच सांगितलेलं बरं. आणि एक सावध करते, माउलटाशं. दिसायला चौकोनी करंजी, आत पालक दिसतो म्हणून आमच्या एका मुलाने शाकाहारी समजून खाल्लं आणि नंतर रात्रभर रडला, कारण आत मांस होतं. भाजीचं पण मिळतं, पण विचारून खायचं.

बिअरचं जरा नीट समजून घ्या. जर्मनीत सोळा वर्षं पूर्ण झाली की बिअर आणि वाईन कायद्याने चालते, कडक दारूला अठरा लागतात. आपल्या महाराष्ट्रात बिअरला सुद्धा एकवीस. म्हणजे त्या होस्ट वडिलांनी काही गुन्हा केलेला नाही, त्यांच्यावर चिडून जाऊ नका. पण तुमच्या प्रोग्रॅमचा नियम काय म्हणतो ते बघा, नियमात मनाई असेल तर ती त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा, तिथले लोक स्पष्ट बोललेलं वाईट मानत नाहीत. मुलाच्या घरी सांगायचंच, फक्त आधी मुलाला दोन दिवस द्या आणि म्हणा तू स्वतः फोन कर, मी नंतर करते. त्याने आपणहून तुम्हाला सांगितलं ही केवढी मोठी गोष्ट आहे! हा विश्वास जपा, उद्या खरंच काही घडलं तर तो पहिला फोन तुम्हाला करेल.

आयांच्या ग्रुपला वेळ ठरवून द्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जाईल, मग साडेतीनऐवजी साडेचार तासांचा फरक, म्हणजे त्यांचे सकाळचे सात हे तुमचे रात्रीचे अडीच. रात्री फोन फक्त मुलांसाठी चालू ठेवा. मुलांच्या फोनमध्ये ११२ आणि ११६११७ सेव्ह आहेत का बघा, पहिला जीवघेण्या प्रसंगाला, दुसरा रात्री-सुट्टीच्या दिवशी डॉक्टर हवा असेल तर.

आणि शहर कळत नाही म्हणता ना, तर रविवारी दुकानं बंद असतात तेव्हा चालायला लागा. स्टुटगार्ट वाटीसारखं आहे, मध्ये शहर, कडेने द्राक्षमळे, आणि वर चढायला चारशेहून जास्त दगडी जिने, त्यांना तिथे श्टेफेले म्हणतात. एक रविवार सोडून एक रविवार सगळ्या मुलांना दुपारी मारिएनप्लात्स या चौकात बोलवा, तिथून वरच्या देगरलोख भागात दात्यांच्या रुळांवरून चढणारी छोटी रेल्वे जाते, १८८४ पासूनची आहे, पुढे सायकलींचा उघडा डबा असतो. वर जायचं आणि जिन्यांनी बोलत बोलत खाली यायचं. समोरासमोर बसून मुलं काही सांगत नाहीत, जिना उतरताना सगळं सांगतात. रस्ता चुकलात तरी चुका, त्यांच्यासमोरच कुणालातरी विचारा, नवीन गावात मोठं माणूस पण विचारतं हे त्यांना बघू दे.

प्रश्न: माझा मुलगा जानेवारीत अशाच प्रोग्रॅमला जर्मनीला जातोय. होस्ट फॅमिलीला घरचं तूप आणि कंदी पेढे पाठवायचे आहेत, चालेल ना?
– एक आई, सातारा

उत्तर: नको. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दुधाच्या वस्तू सामानातून नेता येत नाहीत, तूप आणि खवा त्यातच आले, एअरपोर्टवर काढून टाकतील आणि पोराचा पहिलाच दिवस रडका होईल. ताजी फळं पण टाळा. चिक्की द्या, घरचा गोडा मसाला सीलबंद पाकिटात द्या, आणि मसाल्याबरोबर आमटी कशी करायची ते मुलाला जायच्या आधी चारदा करायला लावा. तिथल्या स्वयंपाकघरात पहिल्याच आठवड्यात त्याने आमटी केली की काम झालं.