आजीला बघून भोकाड, लाडू खाऊन ‘मी नाही’

या वेळी पालकांची पत्रं मुलांच्या वयानुसार लावली, नऊ महिन्यांपासून नऊ वर्षांपर्यंत. सगळ्यांचा सूर एकच, की आत्तापर्यंत बरं चाललं होतं, आता अचानक काय बिघडलं? माझं मत आधीच सांगून टाकते, यातल्या बहुतेक घरांत बिघडलेलं काहीच नाहीये, पोराला काहीतरी नवीन जमायला लागलंय आणि त्याचा पहिला ताप घरच्यांना होतोय.

ताई, मुलगा नऊ महिन्यांचा. आधी कोणाकडेही जायचा. आता गावाहून सासूबाई आल्यात, त्यांनी घ्यायला हात पुढे केले की भोकाड पसरतो. त्यांना वाईट वाटतं, ‘तूच त्याला अंगाला चिकटवून ठेवलंयस’ म्हणतात. मी बाथरूमला गेले तरी रडतो. दृष्ट काढून झाली. – एक आई, सातारा

सासूबाईंना म्हणावं, नातवाला अक्कल आली म्हणून रडतोय. आईचा आवाज, वास त्याला जन्मल्यापासूनच ओळखीचा असतो, पण ही आपली माणसं आणि ही नवीन, अशी वाटणी करून नव्या माणसाला घाबरायला सहा-सात महिने तरी जावे लागतात. दुसरं म्हणजे समोरून गेलेली गोष्ट संपली नाही, कुठेतरी आहे, हेही आता त्याच्या डोक्यात पक्कं होतंय. स्वित्झर्लंडचे बालमानसशास्त्रज्ञ पियाजे खेळण्यावर फडकं टाकून बघायचे, साधारण आठ महिन्यांनंतर बाळं फडकं ओढून खेळणं शोधतात असं त्यांना दिसलं. (नंतरच्या प्रयोगांत त्याहून लहान बाळांनाही यातलं थोडंफार कळतं असं दिसलंय, ते असो.) म्हणजे तुम्ही बाथरूममध्ये आहात हे त्याला कळतं, पण परत येणार की नाही, कधी येणार, हे नाही कळत. मग रडणार नाही तर काय करणार!

आणि ते ‘चिकटवून ठेवलंयस’चं. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आधी युगांडात आणि मग अमेरिकेत बाल्टिमोरला आया आणि बाळं यांचं घरी जाऊन निरीक्षण केलं. वर्षभराच्या बाळांना अनोळखी खोलीत ठेवून आई थोडा वेळ बाहेर जायची आणि परत यायची, असाही त्यांचा प्रयोग होता. त्यात आई गेल्यावर बाळ किती रडलं यापेक्षा ती परत आल्यावर काय करतं यावर त्यांची जास्त नजर होती. तिला बिलगून शांत झालं आणि पुन्हा खेळायला लागलं की नातं भक्कम. तुमचा मुलगा तुम्ही घेतल्यावर शांत होतो ना, मग झालं तर.

सासूबाईंनी एवढंच करावं, आल्या आल्या हात पुढे करू नयेत. बाळ तुमच्या मांडीवर असू दे, त्यांनी शेजारी बसून तुमच्याशीच गप्पा माराव्यात, हातात वाटी-चमचा घेऊन वाजवत बसावं, त्याच्याकडे बघूसुद्धा नये. तोच सरकत येईल. आणि बाहेर जाताना मागच्या दाराने गुपचूप सटकणं आजपासून बंद, टाटा करून जा, रडला तरी चालेल, कारण गुपचूप गेलात तर तुम्ही कधी गायब व्हाल याचा नेम नाही असं त्याला वाटतं आणि तो जास्त चिकटतो. दीड वर्षापर्यंत हे कमी-जास्त चालणार, मग हळूहळू ओसरतं. मात्र वर्षाचा झाल्यावरही नावाने हाक मारली तर बघत नसेल, हवं ते बोट करून दाखवत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा. मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या तर ओवाळा, फक्त तेवढ्यावर थांबू नका.

मुलगी चार वर्षांची आहे. डब्यातला बेसनाचा लाडू खाल्ला, तोंडाला चुरा तसाच आणि डोळ्यात डोळे घालून म्हणते, मी नाही, माऊने खाल्ला. मिस्टर म्हणतात आत्ताच फटका दिला नाही तर सवय लागेल. आमच्या घरात कोणीच खोटं बोलत नाही, मग ही शिकली कुठून? – नाशिक

कोणीच खोटं बोलत नाही हे वाक्य मी दोनदा वाचलं. नको असलेल्या पाहुण्याचा फोन आल्यावर ‘अहो आम्ही आत्ताच बाहेर पडतोय’ असं कधीच म्हणाला नसाल तर तुमच्या घराला माझा नमस्कार!

पण तिला शिकवायला कोणी लागतच नाही. खोटं बोलायचं तर आपल्याला माहीत असलेली गोष्ट आईला माहीत नाही, हे आधी कळायला लागतं, आणि तीन वर्षांच्या पोराला ते नीट कळत नाही. १९८३ मध्ये विमर आणि पर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो, मागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते, आता मॅक्सी परत आल्यावर कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं बेधडक दुसरं कपाट दाखवतात, कारण चॉकलेट तिथे आहे हे त्यांना माहीत असतं आणि मग ते सगळ्या जगाला माहीत असणार असं त्यांना वाटतं. चार-पाच वर्षांची मुलं म्हणायला लागतात, नाही, तो पहिल्या कपाटातच बघणार, त्याला कुठे माहितीये! तुमची मुलगी आत्ता त्या उंबऱ्यावर आहे, आईच्या डोक्यातलं वेगळं असू शकतं हे तिला कळलंय, पण तोंडावरचा चुरा आईला दिसतो हे अजून डोक्यात आलेलं नाही.

कॅनडात तलवार आणि ली या संशोधकांनी मुलांच्या पाठीमागे खेळणं ठेवलं, वळून बघायचं नाही असं सांगितलं आणि खोलीबाहेर गेले. बहुतेक मुलांनी बघितलंच, आणि बघितलेल्यांपैकी तीन वर्षांची निम्मीच ‘नाही बघितलं’ म्हणाली, त्याहून मोठी बरीचशी. मग विचारलं, बरं, खेळणं कोणतं असेल सांग? तर लहानांनी पटकन नाव सांगून टाकलं! अगदी तुमच्या माऊसारखंच.

आता फटक्याचं बोलते, मिस्टरांना वाचून दाखवा. याच संशोधकांनी पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधल्या बालवर्गातल्या मुलांची तुलना केली, एका शाळेत छड्या बसायच्या, दुसरीत नाही. छडीवाल्या शाळेतली मुलं जास्त खोटं बोलली आणि वर ते खोटं निभावून नेण्यातही जास्त तरबेज निघाली. म्हणजे फटक्याने सवय जात नाही, फक्त चुरा पुसून यायचं कळतं.

त्यामुळे उत्तर तुम्हाला माहीत असताना ‘तू खाल्लास का?’ असं विचारूच नका, तो प्रश्न म्हणजे खोटं बोलायचं आमंत्रण. सरळ म्हणा, लाडू खाल्लास ना, चल तोंड धू, उद्यापासून मागून घ्यायचा. आणि कधी स्वतःहून खरं सांगितलं तर त्या दिवशी ओरडा नको. हे जमवायला तुम्हालाच जड जाईल, तिला नाही.

धाकटा पाच वर्षांचा. दोघांना मोजून सारखं कोकम सरबत दिलं तरी थोरल्याच्या उंच ग्लासात जास्त आहे म्हणून थयथयाट करतो. समोर ओतून दाखवलं तरी ऐकत नाही. – रत्नागिरी

पटणार नाहीच. या वयात एका वेळी एकच गोष्ट नजरेत भरते, उंची दिसली की रुंदी गेली. साधारण सहा-सात वर्षांचा झाला की स्वतःच म्हणेल, ‘ओतलं म्हणून कमी-जास्त कसं होईल?’ आणि थोरल्यालाच शिकवायला जाईल. शिवाय मोठी माणसं मुद्दाम काहीतरी करतात तेव्हा मुलांना वाटतं आता नक्कीच फरक पडलाय. स्कॉटलंडमध्ये एका प्रयोगात ओळीत मांडलेल्या सोंगट्या मोठ्या माणसाने पसरण्याऐवजी एका खोडकर टेडीने विस्कटल्या, तर संख्या तेवढीच आहे हे कितीतरी जास्त मुलांनी बरोबर सांगितलं! तुम्ही प्रयोग सोडा, दोन सारखे ग्लास आणा.

मॅडम, व्हॉट्सॲपवर आलं होतं म्हणून पाच वर्षांच्या मुलासमोर चॉकलेट ठेवलं, १५ मिनिटं थांबलास तर दोन देईन म्हटलं. मी दार लावेपर्यंत त्याने खाल्लं. हा पुढे आयुष्यात मागे पडणार का? – एक बाबा, पिंपरी

अहो, काय हे! मूळ प्रयोग मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचे, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतले, आणि तिथली मुलं बरीचशी विद्यापीठाच्याच परिसरातली. जी जास्त वेळ थांबली ती पुढे अभ्यासात बरी निघाली असं दिसलं आणि तिथून फॉरवर्ड सुरू झाले. पण २०१८ मध्ये ९०० हून जास्त, वेगवेगळ्या घरांतल्या मुलांची माहिती तपासली तेव्हा तो संबंध निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे धरल्यावर अगदीच थोडा उरला. हे फॉरवर्ड मात्र तुम्हाला कोणी केलं नसणार.

त्याहून मजेदार प्रयोग २०१३ चा आहे. आधी काही मुलांना चांगले रंग आणून देतो असं सांगून दिलेच नाहीत, काहींना दिले, मग चॉकलेटसारखीच परीक्षा. शब्द पाळणाऱ्या माणसासमोर मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसवणाऱ्यासमोर तीन. तेव्हा रविवारी बागेत नेतो म्हणून किती वेळा नेलं नाहीत ते जरा आठवून बघा.

मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. पहिलीत असताना म्हणायची मी वर्गात सगळ्यात भारी चित्र काढते. आता वही उघडत नाही, म्हणते मला काहीच येत नाही, अमकी माझ्यापेक्षा हुशार आहे. आम्ही रोज सांगतो तू हुशार आहेस, उपयोग नाही. – ठाणे

पहिलीतल्या मुलांना विचारा, वर्गात अर्ध्याहून जास्त जण पहिल्या नंबरचे निघतील. सात-आठ वर्षांनंतर मात्र मुलं इतरांशी तुलना करून स्वतःला जोखायला लागतात, त्यामुळे त्यांचं स्वतःबद्दलचं मत खाली येतं पण खरंही होतं. मानसशास्त्रज्ञ एरिक्सन यांनी सहा ते बारा या वयाला उद्यमशीलता विरुद्ध न्यूनगंड असं म्हटलं ते यासाठीच, काहीतरी नीट करून दाखवायची हौस एकीकडे आणि आपण कमी पडतो ही भीती दुसरीकडे.

तुमच्या ‘हुशार आहेस’ने अडचण वाढते. १९९८ मध्ये म्युलर आणि ड्वेक या संशोधकांनी पाचवीच्या मुलांना कोडी दिली, काहींना ‘हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘मेहनत घेतलीस’. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेल्यांनी लवकर कंटाळा केला, पुढची सोपी कोडीही कमी सोडवली आणि दुसऱ्या मुलांना आपले मार्क सांगताना त्यांच्यातल्या जास्त जणांनी ते वाढवून सांगितले. यावरून नंतर शाळाशाळांत मेहनतीचं कौतुक करा अशी पोस्टर लागली, तेवढा मोठा चमत्कार त्यात नाही हे पुढच्या अभ्यासांत दिसलंय, पण नऊ वर्षांच्या मुलीला ‘हुशार’चा शिक्का सांभाळायचं ओझं वाटतं एवढं नक्की.

चित्राबद्दल बोला, तिच्याबद्दल नको. हा हात कसा काढलास, इथे निळा का घेतलास, असं विचारा. चित्र बिघडलं तर छान आहे म्हणू नका, तिला दिसतंय ना ते. ज्या गोष्टीत वर्गातलं कोणीच नाही अशी एखादी तिच्याकडे असू दे, पोहणं, कुंडीतली झाडं, आजोबांबरोबर बुद्धिबळ, काहीही. पेपर मिळाल्यावर ‘अमकीला किती पडले?’ हे घरातल्या सगळ्यांनी बंद करायचं, आजोबांनीसुद्धा. झोप, जेवण किंवा शाळेत जाणं यावरच परिणाम होत असेल आणि तसं दोन-चार आठवडे चाललं तर समुपदेशकांना भेटा, आधी वर्गशिक्षिकेशी बोलून घ्या, कधी कधी कारण वर्गातलंच असतं आणि ते घरी कोणी सांगत नाही.