नवा रंग मारलेल्या जुन्या पद्मिनीची कंडिशन कशी ओळखावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या धरमपेठेत एका घरी 1978 ची प्रीमियर पद्मिनी मोटार विकायला आहे. अलीकडेच तिला नवा मरून रंग दिलाय. मालक 'शोरूम कंडिशन' म्हणतात आणि मधला माणूस 'दोन नंबर ग्रेड' म्हणतो. हा दोन नंबर म्हणजे काय आणि तो खरा आहे का?

माझं मत आधीच सांगतो. ताजा रंग मारलेल्या गाडीला, रंगाखालचा पत्रा कळल्याशिवाय कुठलाच नंबर देऊ नका. फिकट पडलेली, चार ओरखडे असलेली, पण पहिल्या रंगातली गाडी समोर असती तर मी इतका सावध झालो नसतो. तिच्यात जे आहे ते दिसतं.

ग्रेडचं म्हणाल तर परदेशात 1 ते 6 ही पद्धत बरीच रुळलेली आहे. 1 म्हणजे स्पर्धेत उतरवायची गाडी, 6 म्हणजे सुटे भाग काढण्यापुरती. जुन्या गाड्यांचा विमा आणि मूल्यांकन करणारे अमेरिकेतले हॅगर्टीवाले 4 च पायऱ्या धरतात. दोन्हीकडे 3 म्हणजे नीट चालणारी, लांबून छान, जवळ गेल्यावर दोष दिसतील अशी गाडी. 2 साठी बोनेटखालून, डिकीतून, खाली वाकूनसुद्धा गाडी तितकीच स्वच्छ लागते. आपल्याकडे 2 सांगून दाखवतात त्या बहुतेक 3 निघतात, काही तर 4.

आता पत्रा. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. त्यामुळे दरवाजाखालची पट्टी आणि फ्लोअर सडलं असेल तर बाकी गाडी कितीही देखणी असो, ग्रेड तिथेच ठरतो. छोटं लोहचुंबक रुमालात गुंडाळून न्या आणि दरवाजांचा खालचा भाग, चाकांवरची कमान, हेडलाइटभोवतीचा गोल, दरवाजाखालची पट्टी यांवरून हळू फिरवा. चांगल्या पत्र्यावर ते चिकटतं. लांबी (पत्र्याचे खड्डे भरायची पुट्टी) जाड भरली असेल तिथे पकड ढिली होते, कधी सरळ घसरतं. बोटानेही कळतं: लांबीवर टिचकी मारली की आवाज बोदा येतो.

दुसरी परीक्षा जॅकची. दरवाजे बंद करून फटी नीट बघा, वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का. मग एका बाजूला बॉडीच्या जॅक पॉइंटवर जॅक लावून गाडी जराशी उचला आणि त्या बाजूचा दरवाजा उघडून लावून पाहा. आधी सहज लागणारा दरवाजा आता अडत असेल किंवा फट बदलली असेल, तर खालची पट्टी कमकुवत आहे. पत्रा जॅकखाली चुरचुरला तर तिथेच थांबा. ही परीक्षा घेऊ द्यायला मालक तयार नसेल तर त्यातूनही काय ते कळतं.

नागपूरच्या गाडीचा गंज मुंबईच्या गाडीसारखा नसतो. तिकडे समुद्राची हवा खालून खाते. आपल्याकडे हवा कोरडी, म्हणून खालचा पत्रा पुष्कळदा बरा सापडतो. पण मे महिन्यात पोर्चमध्ये उभ्या गाडीचं रबर करपतं, काचांच्या बीडिंगला चिरा पडतात आणि जूनमध्ये पाऊस लागला की पाणी त्या चिरांतून आत जातं. मॅटखालचं जूट ते धरून ठेवतं आणि फ्लोअर वरून सडतो. म्हणून मॅट उचलायलाच लावा, डिकीत स्टेपनीच्या खालीही बघा. माझ्या ओळखीचे एक जुने डेंटर म्हणतात, "भाऊ, रंग काय पाहून राहिले, मॅट उचला न." मीही तेच सांगेन.

इंजिन त्या मानाने कमी काळजीचं. 1089 सीसीचं साधं इंजिन आहे, बांधणारे मिस्त्री अजून मिळतात. फक्त गाडी थंड असताना सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. सेमिनरी हिल्सचा चढ चढवा, उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबा आणि मागे निळा धूर येतो का ते पाहा. स्टेअरिंगवरचा गिअर खुट्‌ न करता बसला पाहिजे. ब्रेकचे रबरी होज बदललेले नसतील तर ते आपल्या खर्चात धरा.

कागद मात्र रंगाइतकेच बारकाईने बघा. इंजिन आणि चासी नंबर आरसी बुकाशी जुळवा. आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा असतील तर व्यवहार करू नका. एमएच-31 ही नंबरप्लेटची पद्धत 1989 नंतरची. 1978 च्या गाडीवर ती पाटी असेल तर गाडी दुसऱ्या राज्यातून आली की नंतर नव्याने नोंदली गेली, ते विचारा. 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, ते थकलंय का तेही बघा. 'व्हिंटेज नोंदणी होईल' या आश्वासनावर भाव वाढवू नका. 2021 च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली असावी लागतात, चासी, बॉडी शेल आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा लागतो, नव्या नोंदणीला 20,000 रुपये लागतात आणि नंतर ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही.

आणि एक. आतली सीट, मीटर, काचा, दिवे मूळचे असतील तर त्याला वेगळं मोल द्या. फीवा या जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेची तुरीन सनदही नव्याने घडवण्यापेक्षा जतनाला झुकतं माप देते, आणि मला ते मनापासून पटतं. रंग पुन्हा देता येतो, त्या काळातलं मूळ कापड पुन्हा मिळत नाही.

जाऊन आलात की मॅटखालच्या फ्लोअरचे, स्टेपनीच्या खड्ड्याचे आणि दोन्ही बाजूंच्या दरवाजांच्या फटींचे फोटो इथे टाका. समोरून काढलेला चकचकीत फोटो नको. त्यावरून 3 की 4 ते सांगतो, आणि भाव किती खाली आणावा तेही.