शेवाळाचा शेजार

ऐरोलीच्या एका वाचकांनी विचारले आहे की, ठाणे खाडीवरील एका व्याख्यानात शैवालाच्या पेशीभोवतीच्या 'फायकोस्फिअर'ला 'सहजीवनक्षेत्र' म्हटले गेले, ते योग्य आहे काय. आणि लिहिताना 'शैवाल' लिहावे की 'शेवाळ'.

'सहजीवन' हा शब्द लग्नाच्या रौप्यमहोत्सवी पत्रिकेतच राहू द्यावा. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन दे बारी यांनी १८७९ मध्ये केलेल्या 'सिम्बायोसिस'च्या, म्हणजे ज्याचे भाषांतर 'सहजीवन' होते त्या शब्दाच्या, व्याख्येत परजीवीही बसत होते. गोडवा नंतर चिकटला. बेल आणि मिचेल या संशोधकांनी १९७२ मध्ये फायकोस्फिअर म्हटले ते सूक्ष्म शैवालाच्या पेशीभोवतीच्या, तिच्या स्रावांनी भारलेल्या पाण्याच्या थराला. त्याला मराठीत सरळ 'शेजार' म्हणावे.

संस्कृत शब्दांची घडण सांगणारी उणादिसूत्रे 'शेवाल' हा शब्द 'शी' म्हणजे पहुडणे या धातूपासून साधतात: पाण्यावर पहुडते ते शेवाळ. त्याच धातूची 'शय्या', तिची मराठी 'शेज', जी शेजघरात आणि शेजारतीत अजून नांदते. आणि माझ्या मते, ज्याची शेज आपल्या शेजेला लागून तो शेजारी. म्हणजे शेवाळ आणि शेजार ही एकाच धातूची लेकरे ठरतात! 'शेजार'चे मूळ एका प्राकृत देशी, म्हणजे संस्कृतातून न आलेल्या, शब्दात दाखवणारे पंडित हे मानणार नाहीत. पण 'देशी' हा शिक्का मारणे म्हणजे व्युत्पत्ती सांगणे नव्हे.

व्यवहारही शेजारचाच आहे. २००५ मध्ये तपासलेल्या ३२६ शैवाल-जातींपैकी १७१ जातींना बी-१२ जीवनसत्त्व बाहेरून लागते असे आढळले. हे जीवनसत्त्व जीवाणू बनवतात आणि शैवालाकडून त्यांना कर्बयुक्त अन्न मिळते, म्हणजे वाटी रिकामी परत जात नाही. मात्र 'एमिलियानिया हक्सलेयी' या शैवालाजवळ वाढीला पोषक द्रव्य आणि प्रतिजैविक पुरवणारा 'फिओबॅक्टर' हा जीवाणू, शैवाल थकून पी-कुमारिक आम्ल सोडू लागताच, त्यालाच मारणारी 'रोझिओबॅक्टिसाइड' रसायने तयार करतो, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आले. याला सहजीवन म्हणणाऱ्यांनी पत्रिका पुन्हा वाचावी.

राहिला दुसरा प्रश्न: 'शैवाल' हे तत्सम, 'शेवाळ' हे घरचे, दोन्ही शुद्ध आहेत. मात्र 'नीलहरित शेवाळ' लिहिताना जपावे, कारण ते मुळात जीवाणूच आहेत.