परगावाहून येऊन जन्मभर राबलेल्या आजीबद्दल लिहायचं आहे. सुरुवात कुठून करू?

तिच्या हालांपासून करू नका, तिच्या धंद्यापासून करा. राबणाऱ्या बाईबद्दल लिहायला बसलं की हटकून हालच आधी आठवतात, आणि तिला काय काय कळत होतं ते सांगायचं राहून जातं. मला याचं फार वाईट वाटतं.

माझी आजी जालन्याकडची. १९७२ च्या दुष्काळात ती दुष्काळी कामावर खडी फोडायची. सरकारकडून मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी यांवर दिवस काढले. पुढं गावात काही भागेना, तेव्हा आजोबा आणि लेकरांना घेऊन निघाली. त्या काळी जालन्याहून मनमाडपर्यंत छोटी लाईन (मीटर गेज) होती. मनमाडला गाडी बदलायची, मग नाशिकरोड. आजोबा बांधकामावर लागले. आजीलाही तिथं मजुरी मिळत होती, पण तिनं पंचवटीत पालेभाजी विकायला घेतली आणि अंगात बळ होतं तोवर तेच केलं.

पालेभाजीचा लिलाव शेकड्यावर होतो, म्हणजे भाव शंभर जुड्यांचा. ढिगात वर टपोऱ्या जुड्या रचलेल्या असतात, म्हणून आजी वर बघायचीच नाही. हात सरळ ढिगाच्या पोटात घालायची. आत गरम लागलं की माल दडपलेला, दुपारपर्यंत पिवळा पडणार. मग मेथीचा देठ नखानं मोडून बघायची. कट्कन मोडला तर बोली, वाकला तर पुढचा ढीग. आणलेली मेथी ती सोडायची, पिवळी पानं निवडायची, लहान जुड्या बांधून ओल्या गोणपाटाखाली ठेवायची. मेथीवर पाणी शिंपडायची, कोथिंबिरीवर मात्र अगदी बेतानं. "कोथमिर भिजली की काळी पडती, लेकरा." हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. स्वतःच्या पैशानं नुकसान सोसून ती शिकली होती.

बुधवारी गंगेवरचा बाजार. (गोदावरीला इथं गंगाच म्हणतात.) पावसाळ्यात तिचं लक्ष नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडं असायचं. पुराचं पाणी त्याच्या कुठवर चढलं, यावरून अख्खं नाशिक पुराचा अंदाज बांधतं. पाणी मारुतीच्या पायाला लागलं की आजी लिलावात निम्माच माल उचलायची. बाजार भरला नाही तर डोक्यावर पाटी घेऊन गल्लीबोळात जेवढा खपेल, तेवढाच. घरात कुणी तिला व्यापारी म्हटलं नाही. आम्ही म्हणायचो, आजी भाजी विकते.

तेव्हा तुमच्या आजीनं कुठलंही काम केलं असो, ती माल कसा पारखायची, उधारी कुणाला द्यायची, कुणाला नाही, हे विचारून घ्या. ती नसेल तर घरच्यांच्या आधी तिच्या शेजारी बसणाऱ्या बाया गाठा. घरच्यांना ती थकून परत आलेली तेवढी दिसलेली असते. आजी गेल्यावर तिच्या शेजारी लिंबं-मिरच्या विकणाऱ्या मावशींनी मला सांगितलं की त्या ओळीतल्या सगळ्या बायांची भिशी आजीकडं असायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी कुणाचा हप्ता आला आणि भिशी उचलायची पाळी कुणाची आहे हे तोंडपाठ. याच मावशींच्या मुलीच्या बाळंतपणाला आजीनं स्वतःची पाळी त्यांना दिली होती. आमच्या वडिलांनाही हे ठाऊक नव्हतं.