बंद होणाऱ्या फोटो स्टुडिओतल्या ब्लँक डीव्हीडी स्वस्तात मिळतायत, घ्याव्यात का? मायनस आर चांगली की प्लस आर?

घ्या, पण सरसकट नका घेऊ.

तुम्ही लिहिलंय की गल्लीतला स्टुडिओवाला दुकान आवरतोय आणि ५०-५० चे डबे पडेल भावात काढतोय. त्यात डीव्हीडी मायनस आर, प्लस आर (या दोन्ही एकदाच लिहायच्या), आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या) आणि थोड्या डबल लेअर (दोन थरांच्या, जास्त जागेच्या) असं सगळंच आहे. आईवडिलांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट तुम्ही कॉम्प्युटरवर उतरवून घेतलीय, तिच्या कॉप्या नातेवाइकांना द्यायच्यात आणि त्यातल्या बऱ्याच जणांकडे जुनेच डीव्हीडी प्लेअर आहेत. मी बरीच वर्षं लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग केलंय, त्यामुळे या डब्यांशी चांगलाच संबंध आला. भावाचं नंतर बोलू. चकती शेवटी कुणाच्या मशीनमध्ये चालायची आहे, ते आधी बघायचं.

राइट करायची काळजी सोडा. गेल्या पंधरा-वीस वर्षांतला जवळजवळ प्रत्येक डीव्हीडी रायटर मायनस आणि प्लस दोन्ही लिहितो. अडतं ते प्लेअरपाशी. मायनस आर १९९७ मध्ये पायोनिअरने आणली आणि डीव्हीडी फोरम या मूळ संघटनेचा तिला पाठिंबा होता. प्लस आर २००२ मध्ये सोनी, फिलिप्स वगैरेंच्या वेगळ्या गटाकडून आली. त्याच्या आधीच्या काही प्लेअरना ही चकती कुठल्या जातीची हेच कळत नाही आणि पडद्यावर ‘नो डिस्क’ येतं. त्यावर एक तोडगा आहे. काही रायटर प्लस आरवर ‘बुक टाइप’ (चकती कुठल्या जातीची हे प्लेअरला सांगणारी खूण) बदलून ‘डीव्हीडी-रॉम’ अशी नोंद करू शकतात, मग प्लेअरला ती विकतची छापील डीव्हीडी वाटते. तुमच्या रायटरला हे जमत असेल तर प्लस आरसुद्धा बिनधास्त घ्या. नसेल, आणि समोर कुठला प्लेअर आहे याचा पत्ता नसेल, तर मायनस आर.

नातेवाइकांना वाटायला आरडब्ल्यू नको. तिचा पृष्ठभाग लेसरचा उजेड एकदा लिहायच्या चकतीपेक्षा खूपच कमी परत पाठवतो, त्यामुळे लेन्स थकलेला प्लेअर ती वाचताना चाचपडतो. डबल लेअरचंही तेच, शिवाय एका थरावरून दुसऱ्यावर जाताना चित्र क्षणभर अडकू शकतं आणि किंमतही जास्त. ८.५ जीबी जागा तुमच्या कामाला लागतही नाही.

आता माल किती जुना आहे ते बघा. ब्लँक चकतीत रंगाचा एक थर असतो, लेसर त्यावर लिहितो, आणि चकती कोरी असली तरी तो थर हळूहळू म्हातारा होतो. न वापरलेल्या चकतीचं आयुष्य साधारण ५ ते १० वर्षं धरतात. डब्यावर तारीख क्वचितच मिळते, पण नावावरून अंदाज येतो. आपल्याकडे स्टुडिओंमध्ये मोझर बेअरचा माल खूप चालायचा. नोएडात कारखाना असलेली ही कंपनी एके काळी ब्लँक चकत्या बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी होती. २०१८ मध्ये ती मोडीत काढण्याचा आदेश झाला. म्हणजे त्या नावाचा डबा आज दिसला तर तो निदान तेवढा जुना आहे असंच समजायचं. चकत्या वाईट असतीलच असं नाही. अंधाऱ्या कोरड्या कपाटात राहिलेला माल छान निघतो, शोकेसच्या काचेमागे उन्हात राहिलेला मात्र फुकट दिला तरी नको. डबे कुठे ठेवले होते हे मालकाला विचाराच.

ब्रँड म्हणजे बनवणारा नव्हे, हेही लक्षात असू द्या. एकाच ब्रँडच्या दोन डब्यांत वेगवेगळ्या कारखान्यांच्या चकत्या सापडतात. चकती रायटरमध्ये घालून इमेजबर्न हे फुकट सॉफ्टवेअर उघडलं की उजव्या बाजूला डिस्क आयडी, म्हणजे बनवणाऱ्याचा कोड दिसतो. तिथे ‘एमसीसी’ने सुरू होणारा कोड आला की तो व्हर्बेटिम ब्रँडचा (तेव्हा तो मित्सुबिशी केमिकलचा होता), माझ्या अनुभवात सगळ्यात भरवशाचा. ‘सीएमसी मॅग’ आणि ‘रायटेक’ हे तैवानचे, ते रोजच्या कामाला ठीक.

खरी परीक्षा राइट करूनच होते. मालकाला सांगा, प्रत्येक डब्यातली एक चकती आधी विकत घेतो, बाकीचं उद्या सांगतो. घरी आणून ती पूर्ण भरा. पूर्ण का, तर लेसर आतून बाहेर लिहीत जातो आणि रंगाच्या थरातली गडबड बहुतेक वेळा बाहेरच्या कडेला असते. अर्धी भरलेली चकती मस्त चालते आणि फसवते. चकतीवर १६एक्स हा वेग छापलेला असला तरी ८एक्सनेच राइट करा, जेमतेम दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. शेवटी ‘व्हेरिफाय’ (लिहिलेलं नीट वाचता येतंय का याची तपासणी) लावा, आणि मग नातेवाइकांमधला सगळ्यात जुना, कुरकुरणारा प्लेअर शोधून त्यात शेवटची पाच मिनिटं चालवून बघा.

भावाचं गणित सोपं आहे. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला नव्या डब्याचा आजचा भाव विचारा. जुना माल त्याच्या निम्म्याहून खाली मिळाला तरच घ्यायला अर्थ आहे, कारण जुन्या डब्यातल्या काही वाया जाणार हे धरून चालायचं. उघडलेला डबा असेल तर चकत्या मोजून घ्या, ५० च्या डब्यात ४३ निघाल्या की स्टुडिओवाला पण ओशाळतो. पांढऱ्या पाठीच्या प्रिंटेबल चकत्या दिसल्या तर त्या आधी उचला, इंकजेटवर नवरानवरीचा फोटो थेट छापता येतो. कागदी स्टिकर मात्र नको, चकती फिरताना तोल जातो. हाताने लिहायचं तर मऊ टोकाच्या मार्करने.

आणखी एक गोष्ट, जिच्यापायी चांगल्या चकत्यांना उगाच शिव्या बसतात. एमपी४ फाइल डीव्हीडीवर नुसती टाकली तर जुना प्लेअर ती वाजवणार नाही. ऑथरिंगच्या, म्हणजे प्लेअरला चालेल अशी डीव्हीडी बांधणाऱ्या सॉफ्टवेअरमधून व्हिडिओ एमपेग-२ या प्रकारात करावा लागतो, आपल्याकडे पाल या टीव्ही पद्धतीत, आणि चकतीवर ‘व्हिडिओ_टीएस’ फोल्डर तयार व्हावा लागतो. जागेचं म्हणाल, तर ४.७ जीबीच्या चकतीवर कॉम्प्युटर ४.३८ दाखवतो. ती चोरी नव्हे, मोजायची पद्धत वेगळी. नेहमीच्या दर्जात त्यात दोनेक तास बसतात. कॅसेट तीन तासांची असेल तर घाबरू नका. व्हीएचएसमध्ये मुळातच बारकावा कमी, त्यामुळे ७२० बाय ५७६ ऐवजी ३५२ बाय ५७६ ठेवा. तेही डीव्हीडीच्या नियमात बसतं, तीन तास एका चकतीवर मावतात आणि मंगलाष्टकांपासून वरातीपर्यंत कुणाला फरक कळत नाही. राइट झाल्यावर चकती ‘फायनलाइज’ (कायमची बंद) करायला विसरू नका, ती उघडी राहिली तर फक्त तुमच्याच कॉम्प्युटरवर दिसते.

मूळ फाइल मात्र या स्वस्तातल्या चकत्यांवर सांभाळायच्या भानगडीत पडू नका. ती दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, शक्यतो दोन घरांत. चकत्या वाटण्यापुरत्याच.

तुमच्या जागी मी असतो तर मायनस आरचे दोन डबे घेतले असते, प्रिंटेबल असतील तर तिसराही. प्लस आर घ्यायची की नाही, ते रायटर बघून. आणि सौदा झाल्यावर आरडब्ल्यूच्या दोन-चार चकत्या वर मागून घेतल्या असत्या, कारण मेनू आणि आवाज नीट आलाय का हे बघायला त्या उत्तम: राइट करा, टीव्हीवर बघा, पुसा, पुन्हा करा.